मशेरीने दात घट्ट राहतात का?

प्रश्न : सासूबाई कित्येक वर्षे सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. तिने दात घट्ट राहतात, दाढदुखी थांबते, असे त्या म्हणतात. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, पण तो दुखत नाही. काळजीचे कारण आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच असून, भाजल्याने तिच्यातील निकोटिन वा कर्करोगकारक द्रव्ये नाहीशी होत नाहीत. ठणका तात्पुरता दबल्यामुळे दाढ बरी झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात कीड आत वाढतच राहते आणि हिरड्या मागे सरून दातांची मुळे उघडी पडतात. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे.

पुसून न निघणारा पांढरा चट्टा, म्हणजे बहुधा ल्युकोप्लाकिया, हा कर्करोग नव्हे. मात्र काहींमध्ये त्याचे कर्करोगात रूपांतर होते, आणि तो दुखत नाही म्हणूनच दुर्लक्षिला जातो. यासाठी आपण सासूबाईंना याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्यावे. गरज वाटल्यास ते बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासणी, सुचवतील. मशेरी सुटल्यावर असे अनेक चट्टे ओसरतात, हे त्यांना न रागावता, आवर्जून सांगावे. सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. चट्टा लाल वा टणक झाल्यास, किंवा तोंड पूर्ण उघडेनासे झाल्यास, एक दिवसही थांबू नये.