लॉनचे फोटो मे महिन्यातले मागा

आमच्या तमिळनाडूतल्या दारासुरमच्या घरापुढचं लॉन माझ्या हलगर्जीपणामुळे मेलं नाही, हे आधी स्पष्ट लिहिते. कारण ठेकेदार गावभर सांगत सुटलाय, की बाईंना लॉन सांभाळता आलं नाही.

कार्तिकातला पाऊस ओसरला आणि त्याने बी पेरलं. डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळी महिन्याच्या गार पहाटांत गवत असं तरारलं की ऐरावतेश्वराचं देऊळ बघायला आलेली मंडळी फाटकाशी रेंगाळायची. पोंगलला ठेकेदार स्वतः आला, चारही बाजूंनी फोटो काढले आणि बिलाची राहिलेली रक्कम घेऊन गेला.

मार्चअखेर पात्यांची टोकं पिवळी पडली. मग दाटी विरळ होत माती दिसायला लागली. फोन केला तर म्हणाला, ‘पाणी कमी पडतंय, अम्मा.’ वाढवलं. मग म्हणे, ‘पाणी जास्त झालं.’ मग युरिया टाकायला लावला. गवत थोडे दिवस हिरवं झालं आणि पाठोपाठ तपकिरी चकंदळं उमटली. ‘बुरशी आहे’ म्हणत औषध फवारलं, त्याचं बिल वेगळं. संध्याकाळी पाणी द्यायला सांगणारा हाच! रात्रभर पाती ओली ठेवली की उकाड्यात बुरशी धरणारच. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मे महिन्यातलं कत्तिरीचं ऊन लागायच्या आधीच एका सकाळी मी गवताचा झुबका धरून ओढला. तो अलगद हातात आला. मुळं जेमतेम बोटाच्या पेराएवढी! हुमणीने खाल्ली असतील म्हणून खुरप्याने माती उकरली, एक अळी सापडली नाही. तेव्हा अडगळीतून बियाण्याची रिकामी पिशवी काढली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं: पेरेनियल राय, केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू. सगळी थंड मुलखातली गवतं. उटीला, २,२०० मीटर उंचीवर, ती खुशाल लावावीत. कावेरीच्या खोऱ्यात ती विकणाऱ्याला काय म्हणावं?

आणि त्याच वेळी कडेच्या उघड्या मातीवर दूर्वा सरसर पसरत होती. इथलं अरुगम्पुल्ल. ठेकेदाराची माणसं हिवाळाभर ती ‘तण’ म्हणून उपटून फेकत होती आणि शेजारच्या पाटी, म्हणजे आजी, ती पिळ्ळैयारसाठी, म्हणजे गणपतीसाठी, उचलून न्यायच्या.

या थंडीच्या गवतांना साधारण १५ ते २४ अंश मानवतात. ऊन वाढलं की त्यांची पानं कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजनही पकडू लागतात, आणि तयार होणाऱ्या अन्नाचा मोठा हिस्सा वाया जातो. त्यात रात्रही गरम असली की श्वसनात साठा संपतो आणि मुळं आखडतात. थंड देशांत ही गवतं उन्हाळ्यात तपकिरी होऊन निजतात आणि गारवा आला की पुन्हा फुटतात. इथे तेवढा दम धरण्याइतकी ताकदच त्यांच्यात उरत नाही. दूर्वेची अन्न करण्याची रीत वेगळी, तिला तीस-पस्तीस अंशांतच जोर येतो.

आता ज्यांना लॉन करायचंय त्यांच्यासाठी. पिशवीवरची नावं पेरणीआधी वाचा. राय, ब्लूग्रास, फेस्क्यू दिसलं तर पिशवी परत करा. मैदानी, उष्ण गावात दूर्वाच लावा. बी नको, धावत्या कांड्यांचे तुकडे वीतभर अंतराने खोचा, त्या गाठीगाठीला मुळं धरतात. मात्र तिला भरपूर ऊन लागतं. आंब्याखाली ती येणार नाही, तिथे लॉनचा हट्ट सोडा.

थंडीचं गवत लावून बसलाच असाल तर उन्हाळ्यात युरिया बंद. कापणी तीन इंचांवर ठेवा, एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त छाटू नका. पाणी पहाटे द्या, रोज शिंपडण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी खोलवर मुरेल असं. गवत मेलं की निजलं हे बुंध्याशी बघा: गड्डा पांढरा आणि टणक असेल तर जीव आहे, तपकिरी आणि ठिसूळ असेल तर खर्च थांबवा. झुबक्याऐवजी सगळा थरच सतरंजीसारखा उचलला गेला, तर मात्र हुमणी शोधा.

बाकी नेहमीचंच: गावातल्या जुन्या माळ्याला विचारा, तोंडी बोलण्यावर विसंबू नका, पावती घ्या.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नाही. शेवटचा हप्ता वैशाख उलटल्याशिवाय देऊ नका. आमच्या ठेकेदाराच्या मोबाइलमधला प्रत्येक फोटो डिसेंबर-जानेवारीतला आहे, आमच्या अंगणाचाही. तो आता तेच फोटो दाखवून पुढची गिऱ्हाइकं पटवत असेल. त्याच्याकडे मे महिन्यातला एक तरी मागा.