समुद्रशैवाल आणि उपकारक सूक्ष्मजंतू
(इयत्ता सातवीसाठी सामान्य विज्ञानाचा पाठ)

उद्देश : सूक्ष्मजंतू म्हणजे रोग, ही मुलांची समजूत दूर करणे, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या जंतूंना समुद्रशैवालापासून काढलेला पदार्थ कसा आश्रय देतो, हे प्रयोगाने दाखविणे.

साहित्य : चायना ग्रास, मोहरी, लाल शाई, काचेचे भांडे, ताटली, सुरी.

प्रस्तावना : विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघणारी मिठी नदी मरोळ, कुर्ला या वस्त्यांजवळून सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिचे पाणी काठच्या घराघरांत शिरले. नदीत सोडलेली घाण अशी उंबऱ्याशी परत येते. आपल्या गावच्या ओढ्याचे सांडपाणी कोठे जाते, असा प्रश्न विचारून पाठास आरंभ करावा.

विवेचन : सांडपाण्यातील अमोनिया माशांस घातक असतो. जंतूंचा एक गट प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे नायट्राइट करतो. दुसरा त्याचे नायट्रेट करतो. आणि जेथे प्राणवायू नाही तेथे तिसरा गट नायट्रेटचा नायट्रोजन करून तो हवेत सोडतो. यांतील पहिले दोन गट फार सावकाश वाढतात व वाहत्या पाण्याबरोबर निघून जातात. त्यांना एका जागी धरून ठेवणे, हा खरा प्रश्न होय.

तपकिरी समुद्रशैवालाच्या पेशीभित्तिकांत अल्जिनिक आम्ल असते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर आढळणारे सरगॅसम याच वर्गातील. या आम्लापासून केलेल्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात जंतू मिसळून ते थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडले, की कॅल्शियममुळे शैवालद्रव्याचे धागे एकमेकांस जखडले जातात व प्रत्येक थेंबाची मऊ गोळी बनते. तिच्या सूक्ष्म छिद्रांतून अन्न व प्राणवायू आत जातात. जंतू मात्र बहुतांशी आतच राहतात.

तांबड्या शैवालापासून निघणारे अगर, म्हणजेच आपले चायना ग्रास. १८८१ साली जर्मनीत वाल्टर हेसे यांस जंतू वाढविताना जिलेटिन उन्हाळ्यात वितळण्याची अडचण येई. त्यांच्या पत्नी फॅनी यांनी आपल्या स्वयंपाकघरातील अगर सुचविले. ते सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. रॉबर्ट कोख यांनी ते स्वीकारले आणि स्वयंपाकातील हा जिन्नस जगभरच्या प्रयोगशाळांत गेला.

प्रयोग : शिक्षकांनी स्वतः चायना ग्रास उकळून विरघळवावे. ते कोमट होऊन दाट होऊ लागताच त्यात मोहरी ढवळावी. घट्ट झाल्यावर वड्या कापून लाल शाईच्या पाण्यात रात्रभर ठेवाव्या. दुसऱ्या दिवशी वडी मधोमध चिरून दाखवावी : रंग आत शिरला आहे, मोहरी जागची हललेली नाही. रंग म्हणजे अन्न, मोहरी म्हणजे जंतू, हे मुले स्वतःच सांगतील.

मर्यादा : फॉस्फेटयुक्त पाण्यात कॅल्शियम निघून अल्जिनेटच्या गोळ्या मऊ पडतात व फुटतात, सांडपाण्यात फॉस्फेट असतेच. म्हणून या गोळ्या नदीत टाकल्याने नदी निर्मळ होईल, असे मुलांस सांगू नये. घाण उगमापाशीच अडवून शुद्ध करणे, हा मुख्य उपाय. जंतू हे त्या कामातील साहाय्यक होत.

सूचना : शाळेत गटाराच्या पाण्यातील जंतू अगरवर वाढवू नयेत; त्यांत रोगजंतूही असू शकतात. प्रयोगातील वड्या मुलांस खाऊ देऊ नयेत.

प्रश्न : (१) मोहरी वडीबाहेर का आली नाही? (२) सावकाश वाढणाऱ्या जंतूंस आश्रय का हवा? (३) आपल्या ओढ्यात घाण कोठकोठून येते, याची यादी करा.