कलिंगडाची माशी आणि घरचा हिशेब

भात कापून झाले, झोडून झाले, की आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात खाचरे मोकळी होतात. कुणी त्यात कुळीथ टाकतो, कुणी वाल. ज्याची जमीन पुळणवट आहे आणि विहिरीला चैत्रापर्यंत पाणी टिकते, तो कलिंगड लावतो. कलिंगड हे मुळात वाळूचे पीक. त्याचे मूळ घर आफ्रिकेतला कोरडा मुलूख. आपल्या देशात राजस्थानच्या वाळवंटातही ते होते. तिकडे त्याला मतीरा म्हणतात. वर ऊन, खाली तापलेली वाळू, आणि फळाच्या पोटात मात्र तांब्याभर गोड पाणी!

पण या गोड पाण्यावर आपल्याआधी दुसऱ्याच कुणाचा तरी डोळा असतो.

बी विकत आणलेले असते. खतासाठी पैसे उसने घेतलेले असतात. रोज आळ्यांना पाणी घालून कंबर मोडते. फळ सुपारीएवढे होते, लिंबाएवढे होते, आणि एक दिवस पिवळे पडून गळते. फोडून पाहावे तर आत पांढऱ्या अळ्या वळवळताहेत. दुसरे फळ गळत नाही, पण एका अंगाने वाकडे वाढते. बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. मग घरात बोलणे सुरू होते.

"औषध मारा."

"मारलं की!"

"मग परत मारा."

या 'परत मारा'मध्ये किती पैसे जातात, ते कुणी लिहून ठेवत नाही. आज आपण ते लिहू. पण त्याआधी चोर ओळखला पाहिजे.

एक चोर लहान रोपाचा. तो तांबडा भुंगा. बी रुजून दोन पाने वर आली, की हा येतो आणि पानांना भोके पाडतो. मोठ्या वेलाची चार पाने खाल्ली तर वेल मरत नाही, पण दोन पानांच्या रोपाची दोन्ही पाने गेली, तर ते आळे रिकामेच झाले. म्हणून पहिले पंधरा-वीस दिवस पहाटे आळ्यांवरून फेरी मारावी. पहाटेच्या गारव्यात भुंगा सुस्त असतो, चटकन उडत नाही. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकला, की काम झाले. याला पैसा लागत नाही, उठावे मात्र लागते. जुनी माणसे रोपांवर चुलीतली राख टाकीत, तीही चालते.

खरा चोर दुसरा. ती फळमाशी. घरातल्या माशीएवढीच, पण तपकिरी-पिवळसर, पंखांवर ठिपके असलेली. तिच्या मादीला शेपटाकडे सुईसारखी नळी असते. कोवळ्या फळाच्या सालीत ती नळी खुपसून ती आत अंडी घालते. बाहेरून एक बारीक टोचल्याची खूण दिसते, तेथे डिंकासारखा थेंब येतो. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. अळ्या आत गर खातात आणि फळ सडते. पुरी वाढलेली अळी फळातून बाहेर पडते, अंगाचा आकडा करून टुण्‌कन उडीही मारते, आणि मातीत शिरते. मातीत ती कोषात जाते. ऊन चांगले असेल तर आठ-दहा दिवसांत कोषातून नवी माशी बाहेर येते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंत सुमारे तीन आठवडे. कलिंगडाचे पीक तीन-सव्वातीन महिन्यांचे. तेवढ्यात माशीच्या तीन-चार पिढ्या होतात, आणि एक मादी शेकडो अंडी घालते. गुणाकार तुम्हीच करून पाहा. नोंदी सांगतात, की वेलवर्गी पिकांचे नुकसान शेकडा ३० पासून ते सगळे पीक जाईपर्यंत होऊ शकते.

आता मघाच्या 'परत मारा'कडे येऊ. अंडे सालीच्या आत आहे. अळी गराच्या आत आहे. कोष मातीच्या आत आहे. आपण औषध मारतो ते सालीच्या वर! माशीसुद्धा दिवसभर वेलावर बसून राहत नाही. ती बांधावरच्या उंच, दाट झाडांच्या पानांखाली सावलीला बसते, आणि अंडी घालण्यापुरती वेलावर येते. फळ गळायला लागल्यावर पंप पाठीला लावला, तर पंप रिकामा होतो, खिसाही रिकामा होतो, अळी आत खुशाल जेवत असते.

आणखी एक तोटा आहे, तो हिशेबात दिसत नाही. कलिंगडाच्या वेलावर नराची फुले वेगळी आणि मादीची वेगळी. मादीच्या फुलाखाली इवले फळ असते. नराचा पराग तिथे पोहोचवते ती मधमाशी. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. त्या वेळी विषारी औषध मारले, तर मधमाशी मरते आणि फळच धरत नाही. मग लोक म्हणतात, "यंदा वेल माजला, फळ नाही." फवारायचेच झाले, तर ते उन्हे उतरल्यावर.

मग काय करावे? माशीला फळापर्यंत पोहोचू देऊ नये.

त्यासाठी सापळा मिळतो. एका डब्यात औषध लावलेली लाकडाची चकती टांगतात. तिच्या वासाने नर माश्या येतात आणि मरतात. आपल्या कोकणात आंब्याच्या बागांतून हे डबे पुष्कळ दिसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा (हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले) 'रक्षक' सापळा हापूसवाल्यांच्या ओळखीचा आहे. पण येथेच आम्ही एकाला फसलेला पाहिला आहे. त्याने दुकानात जाऊन फळमाशीचा सापळा मागितला. दुकानदाराने दिला. कलिंगडात टांगला. डब्यात माश्या पडल्या, गडी खूश झाला, आणि कलिंगड मात्र किडतच राहिले. कारण आंब्याची माशी वेगळी आणि कलिंगडाची वेगळी. आंब्याच्या माशीला मिथिल युजेनॉलचा वास ओढतो, कलिंगड-काकडीच्या माशीला क्यूल्यूरचा. डब्यात पडल्या त्या शेजारच्या आंब्याच्या माश्या! दुकानात 'फळमाशीचा सापळा' एवढेच म्हणू नये. 'कलिंगडाच्या माशीचा, क्यूल्यूरवाला' असे म्हणावे, आणि चकतीच्या पाकिटावर ते नाव स्वतः वाचावे. हे एक नाव वाचता आले, तरी वर्गाला आल्याचे पैसे वसूल.

दुसरा उपाय कागदाचा. फळ सुपारीएवढे असतानाच त्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची सैल पुडी बांधावी. साल जाड झाली, की पुडी काढावी. मोठ्या शेताला हे जमणार नाही. पाच गुंठ्यांना जमते, आणि घरातल्या मुलांना तो खेळ वाटतो.

आता पाटी घ्या. पुढचे आकडे आम्ही शिकण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

समजा, पाच गुंठ्यांत १०० आळी आहेत. एका आळ्याला ३ फळे, एक फळ ३ किलोचे. म्हणजे ९०० किलो. भाव किलोला १० रुपये. सगळे पीक हाती आले, तर ९,००० रुपये.

काहीच केले नाही आणि तिसरा हिस्सा किडला, तर ३०० किलो गेले. तोटा ३,००० रुपये.

आता उशिरा जागे झालेल्याचा हिशेब. त्याने पाच वेळा फवारले. औषध, पंपाचे भाडे आणि मजुरी मिळून एका वेळेचे ३०० रुपये, म्हणजे १,५०० रुपये खर्च. तरी चौथा हिस्सा किडलाच. २२५ किलो गेले. म्हणजे ३०० पैकी फक्त ७५ किलो वाचले. त्याचे ७५० रुपये. ७५० वाचवायला १,५०० घातले. यापेक्षा तो झोपून राहिला असता, तर बरे झाले असते!

तिसऱ्याने वेल पसरायला लागताच दोन सापळे टांगले. चकत्यांसह ३०० रुपये. कागद, सुतळी वगैरे १०० रुपये. रोज अर्धा तास गळलेली फळे वेचली. त्याचा दहावा हिस्सा किडला, ९० किलो. म्हणजे २१० किलो वाचले, त्याचे २,१०० रुपये. खर्च ४०० वजा केला, तर १,७०० रुपये पदरात.

सगळ्यांचे कलिंगड एकदम बाजारात आले, की भाव कोसळतो. किलोला ४ रुपये झाले असे धरा. तिसऱ्याचे २१० किलो म्हणजे ८४० रुपये. ४०० वजा जाता ४४० उरले. फवारणाऱ्याचे ७५ किलो म्हणजे ३०० रुपये, आणि घातले १,५००. भाव पडला, की महाग उपाय आधी बुडतो. भाव आपल्या हातात नाही, खर्च थोडाफार आहे.

तिसऱ्याच्या हिशेबात 'गळलेली फळे वेचली' असे एक वाक्य आले. त्यापुढे रुपये लिहिलेले नाहीत, म्हणून ते फुकटचे समजू नका. बहुतेक घरी ते काम बाईच्या अंगावर पडते. तो अर्धा तासही वहीत लिहावा असे आमचे मत आहे. आणि वेचलेले फळ उकिरड्यावर किंवा कुंपणापलीकडे टाकायचे नाही. तसे केले तर आपणच माश्यांची शाळा काढली. अळ्या मातीत उतरतील आणि तीन आठवड्यांनी परत येतील. दोन फूट खोल खड्ड्यात पुरावे, किंवा जाड पिशवीत तोंड घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवावे. पीक निघाल्यावर जमीन उकरावी. वर आलेले कोष ऊन मारते, उरलेले कोंबड्या टिपतात.

हीच माशी १८९५ च्या सुमारास हवाई बेटांवर पोहोचली आणि तिथल्या शेतकऱ्यांची झोप उडाली. १९१६ साली तिथल्या लोकांनी भारतातून एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची माशी नेली. ती फळमाशीच्या अळीत अंडी घालून तिला आतूनच खाते. चोराच्या घरात चोर! पुढे हवाईत किडकी फळे टाकायला बारीक जाळीचा तंबू निघाला. त्याच्या जाळीतून फळमाशी बाहेर येऊ शकत नाही, पण ती इवली मित्रमाशी निसटू शकते. जपानच्या ओकिनावा बेटांवर तर १९७२ साली ही माशी समूळ घालवायचे काम हाती घेतले. माश्या कारखान्यात वाढवल्या, त्यांना किरणांनी वांझ केले, आणि अब्जावधींनी सोडल्या. वांझ नराशी जोडा जमलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत. १९९३ साली बेटे मोकळी झाली. एकवीस वर्षे लागली, आणि त्यासाठी सरकारचा खजिना लागला. ते आपल्या खिशाचे काम नव्हे. पण एक गोष्ट तिथली आणि इथली सारखीच आहे. एकट्याच्या शेतात माशी संपत नाही. सापळ्यात नर मरतात, आणि शेजारच्या शेतात जोडा जमलेली मादी बांध ओलांडून येतेच. म्हणून निदान एका वाडीतल्या कलिंगडवाल्यांनी एकाच आठवड्यात सापळे टांगावेत.

आणि माशी डिसेंबरात आकाशातून पडत नाही. पावसाळ्यात ती आपल्याच परसात असते. मांडवावरच्या पडवळात, कारल्यात, काकडीत, गणपतीच्या दिवसांतल्या चिबडात. तेथे किडके फळ तसेच कुजले, तर कलिंगडाची माशी आपणच पोसली. १ मे २०१४ पासून युरोपातल्या देशांनी भारताचा हापूस घेणे बंद केले. पाठवलेल्या मालात फळमाशी सापडली होती. त्या बंदीच्या यादीत आंब्याबरोबर कारली आणि पडवळही होते. आंब्यावरची बंदी २०१५ च्या आरंभी उठली. एवढ्याशा माशीने केवढी दारे लावली होती!

कधी फवारावेच लागले, तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण आधी पाहावा. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्यावर कलिंगडाचे नाव आहे का, आणि फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचे नाही, हे शोधून वाचावे. अक्षर बारीक असते. नातवाला बोलवा, पण वाचा.

आता हा हिशेब तुम्ही वहीत करा. एका बाईच्या मळ्यात १५० आळी आहेत. एका आळ्याला २ फळे. गेल्या वर्षी ९० फळे किडली. यंदा तिने सापळे आणि कागद यांवर ६०० रुपये खर्च केले, आणि ४० फळे किडली. एक फळ ३० रुपयांना गेले. खर्च वजा जाता तिला किती रुपये जास्त मिळाले? आणि फळाचा भाव किती रुपयांपर्यंत उतरला, तर तिचे ६०० रुपये जेमतेम भरून निघतील?