उघडणारा घ्या

तासगावला आमच्या द्राक्षबागेत पाखरं हाकायला गोफण आणि पत्र्याचा डबा पुरायचा. आवाज जितका मोठा, तितकं बरं. न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोत, पिनो न्वार द्राक्षांच्या मळ्यावर नोकरीला लागलो आणि हे गणित उलटं झालं. इथला वैरी ससा. कोवळ्या वेलींची साल रात्रीत खरवडतो, बांध पोखरतो. ससे मारणं इथे शौक कमी आणि शेतीकाम जास्त. पण पहिल्या गोळीचा धडाका झाला की उरलेले ससे बिळात जातात आणि शेजारच्या घरात दिवे लागतात. म्हणून पॉइंट टू-टूच्या रायफलीला सायलेन्सर. बंदुकीचा परवाना असला की तो इथे दुकानात सहज मिळतो. इतका सहज, की मी डोकं न चालवता घेतला.

खोक्यावर डेसिबलचा आकडा मोठा आणि किंमत सगळ्यांत कमी, एवढंच पाहिलं. जुनी वेगवान काडतुसं भरली आणि चाप ओढला. आसूड कडाडावा तसा आवाज थेट समोरच्या टेकडीवरून परत आला. दुकानदाराने फसवलं, असं वाटून दोन दिवस चरफडत होतो.

चूक माझीच होती. सायलेन्सर नळीच्या तोंडाशी सुटणारा वायू अडवतो, त्याला आतल्या पडद्यांतून फिरवून गार करतो. त्याच्या हातात तेवढंच आहे. गोळी ध्वनीपेक्षा वेगात धावली तर तिचा कडाका हवेत उमटतो, त्याला नळीवरची कोणतीही नळकांडी काही करू शकत नाही. वेगवान पॉइंट टू-टू सेकंदाला 380 मीटरच्या आसपास जाते. ध्वनी 20 अंशांना 343 मीटर. म्हणून काडतुसं ‘सबसॉनिक’ हवीत, साधारण 320 मीटरची. इथल्या थंडीत तर हे आणखी महत्त्वाचं. हवा गारठली की ध्वनीही मंदावतो, शून्य अंशाला 331 मीटरच राहतो. त्यामुळे जानेवारीत शांत वाटणाऱ्या काठावरच्या काडतुसांतलं जुलैच्या थंड रात्री मधूनच एखादं कडाडतं. एकाच खोक्यातल्या गोळ्यांचाही वेग थोडा मागेपुढे असतो ना! तेव्हा आधी आपल्या रायफलीला मानवणारं सबसॉनिक काडतूस शोधा, मग सायलेन्सरच्या दुकानात जा. दोन सायलेन्सरांमधला दोन-तीन डेसिबलचा फरक त्यापुढे किरकोळ आहे.

खरा फटका मात्र दीड वर्षाने बसला. पॉइंट टू-टूची गोळी बहुधा उघड्या शिशाची, फार तर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली, वर मेणासारखं वंगण. मोठ्या रायफलीची गोळी तांब्याच्या जाड कवचात असते, तिचा इतका कचरा होत नाही. इथे प्रत्येक गोळीमागे थोडं शिसं, थोडी काजळी, थोडी न जळलेली दारू आत साचते आणि थरावर थर चढून दगड होते. माझा सायलेन्सर दोन्ही टोकांना कायमचा बंद केलेला होता. हातात जड लागू लागला म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. नव्याने 140 ग्रॅम होता, आता 190 च्या वर! (त्या काट्यावर बायकोने पुन्हा कणीक मोजली नाही. नवा आणावा लागला, आणि तिचंच बरोबर होतं.)

मग कुणीतरी सांगितलेला उपाय करायला निघालो: व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ठेवायचं. सुदैवाने आधी गावातल्या गनस्मिथकडे गेलो. म्हातारा माझ्यावर ओरडलाच. त्या मिश्रणात शिसं विरघळून लेड ॲसिटेट तयार होतं. म्हणजे एरवी घट्ट बसलेलं विष पाण्यात उतरतं, हाताला लागतं, मोरीत जातं. शिवाय माझा सायलेन्सर ॲल्युमिनियमचा. तसले उपाय त्यालाही खातात. त्याने तो परत हातात दिला आणि म्हणाला, हा आता काही उघडायचा नाही.

म्हणून पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर रायफलीसाठी सायलेन्सर घेताना पहिला प्रश्न एकच विचारा: हा उघडतो का? टोपण फिरवून काढता आलं पाहिजे, आतले पडदे एकेक करून बाहेर आले पाहिजेत. दुकानदाराला समोर उघडायला लावा. पडदे स्टीलचे असले तर वजन थोडं वाढतं, पण घासता येतात. मी आता तीन-चारशे गोळ्यांनंतर उघडतो, शेडमध्ये, हातमोजे घालून, आणि सगळं ओलं ठेवून, म्हणजे धूळ उडत नाही. कपडे वेगळे धुतो. घरात लहान मूल असेल तर यात कुचराई नको.

आट्यांचा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण आठवला की अजून घाम फुटतो. इथे पॉइंट टू-टूच्या नळ्यांची तोंडं अर्धा इंच व्यासाची, पण इंचाला 20 आटे असलेलीही येतात आणि 28 आटे असलेलीही. दुसरा सायलेन्सर घेतला तो 28 चा, माझी नळी 20 ची. स्वस्तातला जोड आणून बसवला. तो किंचित तिरका बसला होता. तिसरी गोळी टोपणाची कड फोडून बाजूला गेली. त्या बाजूला कोणी नव्हतं, एवढंच. घेण्याआधी आटे मोजून घ्या, मधे जोड नकोच. बसवल्यावर रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून पाहा: पुढचं भोक बरोबर मध्यावर गोल दिसलं पाहिजे. तोंडाकडून कधीही डोकावू नका.

सायलेन्सर चढवला की नेम हलतो, तेव्हा नव्याने जुळवा. सबसॉनिक गोळी 50 मीटरला जुळवली तर 100 मीटरला बरीच खाली लागते. पॉइंट वन-सेव्हनची रायफलही वापरायची असेल तर सायलेन्सर तिच्या दाबाला चालतो असं लिहिलेलं पाहून घ्या. आणि कानावरचं झाकण मी सरावाच्या वेळी अजूनही काढत नाही.

देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. अमेरिकेत 1934 पासून सायलेन्सरची सरकारदरबारी नोंद लागते आणि काही राज्यांत तो ठेवताच येत नाही. मागच्या दिवाळीत तासगावचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, “दादा, रानडुकरांनी ऊस ठेवला न्हाई बघ. येताना त्येवढं एक घिऊन ये की.” त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो. भारतात बंदुकीचा आवाज कमी करणारी जोडणी शस्त्रनियमांत प्रतिबंधित वर्गात मोडते, घरात बंदुकीचा परवाना असला तरी. गावी जाताना बॅगेत रिकामं नळकांडंसुद्धा टाकू नका.