विंचूदंश : वेदनेपेक्षा घामाकडे लक्ष हवे

विंचू चावला की घरातील सर्वांचे लक्ष वेदनेकडेच वेधले जाते. ठणका जितका तीव्र तितका धोका मोठा, हा समज मात्र फसवा आहे. मोठ्या काळ्या विंचवाच्या दंशाने माणूस तळमळतो, परंतु सहसा दगावत नाही. मांत्रिकाच्या उताऱ्याने बरे झाल्याचे जे दाखले गावोगाव ऐकू येतात, ते बहुधा या विंचवाचेच असावेत. खरा घातक तो कोकणात दगडांखाली, लाकडांच्या ढिगात दडणारा लहान चणीचा तांबडा विंचू.

मज्जातंतूच्या आवरणाला सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात; म्हणूनच संदेश पुढे जातो व थांबतो. तांबड्या विंचवाच्या विषातील प्रथिने ही द्वारे वेळेवर मिटू देत नाहीत. मज्जातंतू अखंड चेतत राहतात. हृदय, रक्तवाहिन्या व घर्मग्रंथी ज्यांच्या आज्ञेत चालतात, त्या स्वायत्त मज्जासंस्थेत जणू वादळ उठते. प्रथम वांती, लाळ आणि दरदरून घाम; पाठोपाठ रक्तवाहिन्या आकुंचित होऊन हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध झुंजून हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साचते. मुलांच्या बाबतीत हे सारे काही तासांतच घडू शकते.

रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे बारकाईने नोंदविली. १९८२ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध योजले. आकुंचित रक्तवाहिन्या त्याने सैल होतात व हृदयावरील भार उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी बरेच दगावत. या उपचाराने मृत्यूंचे प्रमाण फार घटले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाड येथील चाचणीत प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८.

ही औषधे उपयोगी पडतात ती वेळेवर मिळाली तरच. तेव्हा दंशानंतर घाम, वांती वा गार हातपाय दिसताच उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णास आरोग्य केंद्रात न्यावे. आपल्या केंद्रात प्राझोसिन शिल्लक आहे काय, याची विचारणा पंचायत सदस्यांनी उन्हाळ्यापूर्वीच करावी. औषध वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच द्यावयाचे असते. ते घेतल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे. भेटीस आलेली मंडळी त्याला हौसेने उठवून बसवितात आणि रक्तदाब एकदम उतरून त्याला भोवळ येते.