ब्रिटानिया, ब्रह्मदेश आणि आपला थिबा राजा

'कोड गियास' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका आपल्या हॉस्टेलमध्ये एका हार्डडिस्कवरून दुसऱ्या हार्डडिस्कवर फिरत असते. मीही ती ऐन सबमिशनच्या आठवड्यात पाहिली (अशा गोष्टी बघायची वेळ तीच असते, हे अनुभवी लोक जाणतातच!). संपल्यावर रूममेटशी वाद झाला. त्याचं म्हणणं, या मालिकेतल्या साम्राज्यात धर्माला काही कामच नाही. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, पुरावा दे. पुरावा शोधता शोधता मी थिबा पॅलेसपर्यंत पोहोचलो, म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, त्यामुळे भाषेच्या चुका सरांनी सुधारल्या आहेत; उरलेल्या माझ्या.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (आणि शेवट आधी कळलेला आवडत नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा). २००६ ते २००८ या काळात ती जपानमध्ये दोन भागांत दाखवली गेली. तिच्यातला इतिहास आपल्या इतिहासापेक्षा वेगळा आहे. ब्रिटिश राजसत्ता अमेरिकेत जाऊन 'ब्रिटानिया' नावाचं साम्राज्य झालं आहे आणि ते जपान जिंकतं. जपानचं नाव जातं, 'एरिया अकरा' होतं, आणि माणसांना 'इलेव्हन' म्हणतात. म्हणजे देशाचा नंबर हेच माणसाचं नाव! या साम्राज्याची कालगणनासुद्धा ख्रिस्तजन्मापासून नाही, राजगादीपासून आहे. सम्राट चार्ल्स भाषणं देतो ती देवाच्या नावाने नाही, तर बलवानच टिकतो या तत्त्वाच्या नावाने. कोणाचं धर्मांतर करत नाहीत. जपानी माणसाला 'मानद ब्रिटानियन' व्हायचं असेल तर अर्ज करायचा, बाप्तिस्मा नको. इथवर रूममेट जिंकतो. पण पुढे कळतं की सम्राटाचा खरा डोळा जगभरच्या काही प्राचीन अवशेषांवर आहे, त्याच्यामागे एक गुप्त पंथ आहे आणि त्याला चक्क देवाशीच लढायचं आहे. म्हणजे प्रजेला धर्मापासून मोकळं ठेवणारा राजा आतून सगळ्यात जास्त धर्मात गुंतलेला निघतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. थिबा राजा म्हणजे ब्रह्मदेशाच्या कोनबाउंग घराण्याचा शेवटचा राजा. तो १८७८ मध्ये गादीवर आला. १८८५ मध्ये सागवानाच्या व्यवहारावरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला त्याच्या दरबाराने सुमारे २३ लाख रुपये दंड केला आणि इंग्रजांना निमित्त मिळालं. (मालिकेत ब्रिटानियाला जपानमधलं साकुराडाइट हवं असतं. इथे सागवान. मटेरियल बदललं, फॉर्म्युला तोच.) नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली लढाई त्याच महिन्यात संपली. राजाला मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. मालिकेतला राजपुत्र ललूश जपानमध्ये असाच ओलीस असतो, एका देवळाच्या आवारातल्या कोठीत राहतो. आपल्या थिबाला राजवाडा मिळाला, पण त्यासाठी १९१० पर्यंत वाट पाहावी लागली.

थिबा हा नुसता राजा नव्हता. त्याचे वडील मिंडोन यांनी त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेतलं आणि १८७१ मध्ये मंडालेला पाचवी बौद्ध संगीती भरवली. थिबा स्वतः विहारात शिकला, धर्मग्रंथांची परीक्षा पास झाला. आणि मला सगळ्यात गंमत वाटली ती ही, की तो मिशनरी शाळेतही जात होता! मंडालेला डॉ. मार्क्स या पाद्रीसाहेबांनी काढलेली शाळा, जिला पैसे दिले मिंडोननेच. म्हणजे थिबा हा एका अर्थाने आमच्यातलाच, कॉन्व्हेंटवाला.

ब्रह्मदेशात राजाचं एक काम होतं, संघाचा सांभाळ. भिक्षूंचा प्रमुख म्हणजे 'थाथनाबाइंग'. त्याला राजा नेमायचा. त्याने दिलेले निकाल राजाचे अधिकारी अमलात आणायचे. इंग्रजांनी राजा उचलला आणि सांगितलं, आम्ही कोणाच्याच धर्मात लक्ष घालणार नाही. राणीचा १८५८ चा जाहीरनामा तोच होता. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण जिथे धर्माची सगळी व्यवस्था राजाला जोडलेली होती, तिथे 'लक्ष घालणार नाही' याचा अर्थ काय झाला? आमच्या मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर इंजिनाला हात लावला नाही, फक्त गव्हर्नर काढून नेला आणि तो रत्नागिरीला ठेवला. जुने थाथनाबाइंग १८९५ मध्ये वारले, तर पुढच्याला सरकारी मान्यता मिळायला १९०३ उजाडलं. तोपर्यंत संघात शिस्त कोणी लावायची? आणि हे तटस्थ सरकार मंडालेच्या राजवाड्यात काय करत होतं, तर एका दरबारी दालनात फौजेचं चर्च आणि दुसरीकडे साहेबांचा क्लब. किल्ल्याचं नाव ठेवलं फोर्ट डफरिन. इथे मला ब्रिटानिया आठवते. तिथेही धर्मावर बंदी नाही, फक्त तो जिच्यावर उभा आहे ती जमीन काढून घेतली आहे.

म्हणूनच मग विरोध धर्मातून आला. १८८६ नंतरच्या गनिमी लढाईत काही भिक्षूही होते. १९२९ मध्ये उ विझारा हे भिक्षू तुरुंगात चीवर घालायच्या हक्कासाठी १६६ दिवस उपोषण करून वारले. १९३० मध्ये सया सान याने राजचिन्हं धारण करून स्वतःला राजा जाहीर केलं. शेतकरी ताईत-गोंदणांवर भरवसा ठेवून बंदुकांसमोर गेले. १९३१ मध्ये त्याला फाशी दिलं. मालिकेतला 'झीरो' मुखवटा घालून 'चमत्कार' करतो आणि हरलेले लोक त्याच्यामागे जातात, ते बघताना मला आधी हसू आलं होतं. सया सानबद्दल वाचल्यावर नाही आलं.

आणखी एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५६ मध्ये आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना इंग्रजांनी १९०८ ते १९१४ ठेवलं कुठे? मंडालेला, त्याच किल्ल्यातल्या तुरुंगात! मंडालेचा राजा आपल्या टेकडीवर आणि आपले टिळक त्याच्या तटाच्या आत. दोघांची अदलाबदल करून साम्राज्य निवांत. टिळकांनी तिथे 'गीतारहस्य' लिहिलं आणि त्याच्या परिशिष्टात बौद्ध ग्रंथांचाही विचार केला आहे. राजकारणासाठी कैद झालेला माणूस कोठडीत बसून धर्मावर लिहितो, याला रूममेटकडे अजून उत्तर नाही.

थिबा डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. तिकडे रंगूनला बहादूरशाह जफर १८६२ मध्ये कैदेत वारला. त्याच्या कबरीला लोक दर्गा मानतात, चादर चढवतात. बादशहाचा पीर झाला. आपल्या थिबाचं तसं काही झालं नाही. त्याच्या धर्माची माणसं समुद्रापलीकडे राहिली. आपण पॅलेसवर जातो ते संध्याकाळी खाडी बघायला आणि भेळ खायला, मी धरून.

या रविवारी मी समाधीवर जाणार आहे. रूममेट येतो म्हणाला, पण वाद हरलो असं मासिकात छापायचं नाही, या अटीवर. छापत नाही.