एक सर्व्हर राहिला!

आपल्या प्रोजेक्टची नवी आवृत्ती टाकायची म्हणजे सर्व्हर बंद करा, फाइल्स कॉपी करा, पुन्हा चालू करा. मोबाईल नेटवर्क किंवा एटीएमच्या यंत्रणेला ही चैन परवडत नाही. तिथे 'रोलिंग अपग्रेड' करतात. समजा, आठ सर्व्हर आहेत. लोड बॅलन्सर पहिल्याकडे नवं काम पाठवणं थांबवतो. त्याच्या हातातलं काम संपलं की नवा कोड चढवायचा, तपासायचा आणि त्याला परत कामाला लावायचं. मग दुसरा. बाकीचे सात चालूच असल्याने ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

ऐकायला सोपं आहे. पण मला खरी मेख वेगळीच वाटते. अपग्रेड चालू असताना जुना आणि नवा कोड एकत्र नांदत असतात. त्यांचं पटलं नाही तर काय होतं, ते अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी अनुभवलं.

शेअर्सच्या ऑर्डर्स पाठवणाऱ्या आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड चढला, आठव्यावर राहून गेला. नव्या कोडमध्ये एक जुनाच फ्लॅग नव्या अर्थाने वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्या फ्लॅगने २००३ पासून वापरात नसलेला 'पॉवर पेग' हा कोड जागा केला. किती शेअर्स झाले हे मोजणारा भाग २००५ मध्येच दुसरीकडे हलवलेला. त्यामुळे ऑर्डर पूर्ण झाली तरी तो थांबेचना! गडबडीत बाकीच्या सातांवरचा नवा कोड काढला, तर तिथेही तेच सुरू झालं. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांवर व्यवहार आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा.

यातून आपण काय घ्यायचं?

१. जुन्या फ्लॅगला किंवा फील्डला नवा अर्थ देऊ नका, नवं नाव द्या. न लागणारा कोड वेळीच काढून टाका.

२. डेटाबेसमधला बदल एका दमात नको. आधी नवा कॉलम जोडा, काही काळ दोन्हींत लिहा, जुनी माहिती नव्यात आणा. सगळे सर्व्हर नव्यावर आल्यावरच जुना कॉलम काढा.

३. कोणती आवृत्ती चालू आहे, हे प्रत्येक सर्व्हरलाच विचारा. माणसाच्या आठवणीवर विसंबू नका.

४. मागे फिरायची वाट आधीच चालून बघा.

लॅबमध्ये दोन पीसींवर आपल्याच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या चालवून पाहा. जुन्याचा निरोप नव्याला आणि नव्याचा जुन्याला कळतो का? नाही कळला, तर सर्व्हर बंद केल्याशिवाय तुमचं अपग्रेड होणार नाही, हे नक्की समजा.